उभे वाचणे

बालवाडीत बाईंनी आपले बोट धरून पहिल्यांदा वाचायला शिकवले, तेव्हा ते बोट डावीकडून उजवीकडे सरकवायला शिकवले. ओळ संपली की खाली उतरायचे आणि पुन्हा डाव्या कडेपासून सुरुवात करायची. पुढची पंधरा वर्षे आपण हेच करीत आलो. कविता अशीच वाचली, कादंबरी अशीच वाचली, परीक्षेच्या सभागृहात धडधडत्या छातीने प्रश्नपत्रिकाही अशीच वाचली. वाचन म्हणजे आडवा प्रवास, ही समजूत आपल्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की संगणकावर मजकूर निवडायची वेळ आली, तरी आपला हात आडवाच चालतो.

या लेखात मी उभ्या निवडीची बाजू मांडणार आहे. विषय ऐकून माझे काही मित्र हसले. वार्षिक अंकात पाऊस असावा, प्रेम असावे, बेकारी आणि हुंडा असावा, गेलाबाजार एखादे प्रवासवर्णन असावे. हे काय भलतेच! "तू संगणकाच्या क्लासची जाहिरात लिहायलास का?" असे एकाने तोंडावर विचारले. त्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे असे त्याने समजावे.

उभी निवड म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. समजा, पडद्यावर एक यादी आहे. प्रत्येक ओळीत आधी अनुक्रमांक, मग नाव, मग गाव आणि शेवटी जन्मतारीख. आपल्याला त्यातली फक्त गावे हवी आहेत. नेहमीप्रमाणे माऊस धरून ओढला, तर पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत मधल्या साऱ्या ओळी अथपासून इतिपर्यंत काळ्या होतात. नावे, तारखा, सगळेच सोबत येते. पण 'वर्ड'मध्ये आल्टची कळ दाबून धरली आणि मग माऊस कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा ओढला, तर पडद्यावर एक उभा चौकोन तयार होतो आणि त्या चौकोनात सापडलेला मजकूर तेवढाच निवडला जातो. ज्यांना माऊसपेक्षा कळफलक जवळचा वाटतो त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-आठ या तीन कळा एकदम दाबाव्यात आणि बाणांच्या कळांनी चौकोन वाढवावा; नको झाला की एस्केप. निवडलेला भाग मग खोडा, उचलून दुसरीकडे न्या किंवा ठळक करा. आल्ट दाबून नुसती टिचकी मारू नका, एवढी सूचना मात्र देतो. वर्डच्या अनेक आवृत्त्यांत त्यामुळे कडेला शब्दार्थ शोधण्याची एक खिडकी उघडते आणि नवखा माणूस आपण काहीतरी बिघडवले म्हणून उठून पळतो. मी एकदा पळालो आहे.

झाले! युक्ती एवढीच. संगणकाचे प्रमाणपत्र आपल्यापैकी बहुतेकांच्या फायलीत प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले आहे. पण गेल्या वर्षभरात मी वर्गातल्या ज्या ज्या मित्राला ही युक्ती विचारली, त्यातल्या एकालाही ती ठाऊक नव्हती. मलाही नव्हती, हे कबूल करतो.

मी 'कमवा आणि शिका' योजनेत कार्यालयात काम करतो. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक यादी आली. कोणीतरी केव्हातरी टाईप केलेली, दोनशेच्या वर नावांची. एस.टी.च्या पाससाठी त्यातून गावांचा रकाना वेगळा करायचा होता. मी एकेका ओळीवर जाऊन नाव खोडायचो, तारीख खोडायची, गाव ठेवायचो. पहिल्या संध्याकाळी ऐंशी ओळी झाल्या आणि मनगट भरून आले. दुसऱ्या दिवशी फाईल पेनड्राईव्हवर घेऊन मी आमच्या गल्लीतल्या टंकलेखन वर्गात जाऊन बसलो. तिथले काका पूर्वी गोदरेजच्या यंत्रांवर मुले घडवायचे. आता त्याच बाकांवर संगणक आले आहेत. माझ्या मागे उभे राहून त्यांनी जरा वेळ पाहिले.

"काय करायलास रे?"

"ओळी खोडायलोय, काका. गावं तेवढी ठेवायचीत."

"अशी खोडत बसलास तर पास पुढच्या वर्षीच निघतील. आल्ट दाबून धर. हं, आता वरून खाली ओढ."

दोन मिनिटांत यादी मोकळी झाली. मला आनंद व्हायला हवा होता; झाले उलटेच. आदली संध्याकाळ आठवून मला स्वतःचाच राग आला. काका मात्र खुशीत होते. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली आणि जुन्या गोष्टी सुरू केल्या.

त्यांच्या बोलण्यातून मला जे कळले आणि पुढे मी वाचून जे ताडून पाहिले, ते असे. टंकलेखन यंत्रावर प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीची जागा घेते. म्हणून यंत्रावर रकाने आपोआप एकाखाली एक येतात. टॅब्युलेटरचे टप्पे लावले की गाडी नेमकी त्या त्या घरावर जाऊन थांबते. सरकारी टंकलेखन परीक्षेत मिनिटाला 30 आणि 40 शब्दांचा वेग तर पाहतातच, शिवाय पत्र आणि 'स्टेटमेंट'ही करायला लावतात. हे स्टेटमेंट म्हणजे रकान्यांचा तक्ता. त्या काळातल्या कारकुनाच्या मनात कागद हा आधीपासूनच उभ्या घरांत विभागलेला असे.

पुढे संगणक आला तेव्हाही पडदा तसाच होता. 80 रकाने आणि 25 ओळींचा तो एक पटच होता; एका घरात एक अक्षर. 1978 साली निघालेल्या 'वर्डस्टार' या कार्यक्रमाच्या पुढच्या आवृत्त्यांत कंट्रोल-के आणि मग एन दाबले की निवड आडवीची उभी होई. सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की तशाच पडद्यावर देवनागरीही उमटे. काकांना त्या कळा अजून पाठ आहेत. तेव्हा माऊस नव्हता, म्हणून जे काही करायचे ते नाव घेऊन करावे लागे. आणि ज्याचे नाव घ्यावे लागते ते लक्षात राहते. नंतर खिडक्या आल्या, चित्रे आली, माऊस आला. जे चित्रात दिसते ते सर्वांना कळले आणि जे दिसत नाही ते विसरले गेले. उभी निवड कुठल्याही ठळक चित्रात दिसत नाही. वर्ड अजून ती करतो, लिबर ऑफिस करते, साधा मजकूर लिहिण्याच्या नोटपॅड-प्लस-प्लसमध्येही ती आल्ट दाबूनच होते. साधन घरात आहे, पण ते माळ्यावर आहे.

इथपर्यंत वाचून कला शाखेचा विद्यार्थी म्हणेल की रकाने, तक्ते, याद्या हे सारे वाणिज्यवाल्यांचे काम. आपण भाषेची माणसे. मला हे मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगायला मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका संतकवीची साक्ष काढावी लागेल.

अंबाजोगाईचे दासोपंत आपल्याला वाङ्मयेतिहासाच्या पेपरात भेटतात. जन्म 1551, मृत्यू 1615. गीतेवरील 'गीतार्णव' हा प्रचंड ग्रंथ, सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे अशी आख्यायिका. दोन गुणांची टीप एवढ्यावर होते. पण त्याच टिपेत शेवटी 'पासोडी' असा एक शब्द असतो, आणि आपण तो न थांबता ओलांडतो. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड कापड. सुमारे 24 हात लांब आणि अडीच हात रुंद अशा पासोडीवर दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले. कागद होता, पोथ्यांची पाने होती, आणि हा माणूस लाखांनी ओव्या लिहून बसलेला. मग हाच विषय कापडावर पसरावा असे त्यांना का वाटले असेल?

मला वाटते, उत्तर विषयातच आहे. पंचीकरण म्हणजे पाच भूते एकमेकांत कशी मिसळली, याचा हिशेब. प्रत्येक भूत अर्धे स्वतःचे राहते आणि उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा येतो. पाच गुणिले पाच, पंचवीस घरे झाली. पृथ्वीच्या ओळीत हाडे, मांस, त्वचा, नाडी, रोम. तेजाच्या ओळीत भूक, तहान, आळस, झोप, मैथुन. आकाशाच्या ओळीत काम, क्रोध, शोक, मोह, भय. हे ओवीमागून ओवी असे सांगता येते, समर्थांनी दासबोधात सांगितलेच आहे. पण चौकटीत मांडले की आडवे वाचून एका भूताचा पसारा कळतो आणि उभे वाचून त्याच भूताचा अंश बाकीच्या चौघांत कुठे कुठे शिरला आहे ते कळते. एकाच मजकुराची दोन वाचने! पोथीच्या अरुंद पानावर डोळ्याला एवढे मोकळे रान मिळत नाही. पासोडीवर आकृत्या आणि चौकटी आल्या त्या सजावटीसाठी आल्या नसाव्यात, असे माझे मत आहे. तज्ज्ञांना ते धाडसी वाटले तर त्यांनी मला क्षमा करावी. एवढे मात्र म्हणता येईल की उभे वाचणे ही वाणिज्य शाखेची मिरासदारी नाही.

आता आजच्या कामाकडे येतो. मराठी विभागात दरवर्षी कोणी ना कोणी लोकगीते गोळा करतो. आजीकडून, मावशीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायच्या आणि प्रकल्प म्हणून बांधून द्यायच्या. बांधून दिल्या की त्या कपाटात जातात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्याही आहेत. त्या संग्रहात नुसत्या ओव्या नाहीत. ओवी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या विषयाची, हेही तिच्याबरोबर नोंदले आहे. ओवी आडवी वाचली की एका बाईचे मन कळते. गावाचा रकाना उभा वाचला की एका वस्तीतल्या बायका कशाबद्दल गात होत्या ते कळते, आणि विषयाचा रकाना उभा वाचला तर भाऊ किती वेळा आला, नवरा किती वेळा आला, आणि बाबासाहेब कुठल्या वस्तीत आले, तेही कळते. आमचा विद्यार्थी ओवीच्या खाली कंसात 'आजी, वय 70' एवढे लिहून मोकळा होतो. त्याला रकाना पाडायची सवय नाही, कारण रकाना उचलता येतो हेच त्याला ठाऊक नाही.

याहून कठीण गोष्ट सांगायची आहे. आपला जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळी झाली की निम्मी गावे रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा मोजणीने मुकादम टोळ्या बांधतो. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया होत होत्या, त्या वर्षानुवर्षे होत होत्या. एकेका बाईची गोष्ट एकेका ओळीत होती: पोटात दुखत होते, अंगावर जात होते, डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली, उचल घेऊन काढली. प्रत्येक ओळ आपापल्या जागी पटण्याजोगी. नातेवाइकांना ती पटली, शेजाऱ्यांना पटली. 2019 साली शासनाने नेमलेल्या समितीच्या वेळी जिल्ह्यात सर्वेक्षण झाले आणि तो एक रकाना वरपासून खालपर्यंत वाचला गेला. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक! त्याआधी हे कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. प्रत्येकाला एक-एक ओळ ठाऊक होती. मुलींच्या जन्माचेही तेच. 2001 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे आपल्या जिल्ह्यात 894 मुली होत्या. 2011 साली त्या 807 झाल्या. कुठल्याही एका घराची नोंद आडवी वाचून यातले काही दिसले नसते.

आल्टची कळ दाबल्याने हे प्रश्न सुटतात असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. परंतु ज्याच्या हाताला रकाना उचलायची सवय नाही, त्याच्या डोळ्यालाही तो दिसत नाही, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. आपल्यातले बरेच जण उद्या तलाठी होतील, ग्रामसेवक होतील, सेवा केंद्र चालवतील, तालुक्याच्या वार्ताहराचे काम करतील. सातबाऱ्यापासून मतदारयादीपर्यंत त्यांच्यापुढे जे येणार आहे ते रकान्यांतच येणार आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन, कारण या युक्तीने मी स्वतः एक मोठी चूक केली आहे.

काकांनी शिकवल्यापासून माझा हात आल्टवरून निघेना. त्याच हिवाळ्यात 'कमवा आणि शिका'च्या मुलांच्या मानधनाची यादी करायची होती. 43 जण. नावांची यादी एका फाईलमध्ये होती. खाते क्रमांक दुसऱ्या, जुन्या फाईलमध्ये होते, नावांपुढे, मध्ये मोकळ्या जागा सोडून टाईप केलेले. मी खाते क्रमांकांचा उभा पट्टा उचलला आणि नव्या यादीत ठेवला. मध्येच दोन ओळी कोऱ्या दिसल्या. मला वाटले, जुन्या टंकलेखकाचा निष्काळजीपणा. मी त्या कोऱ्या ओळी काढून टाकल्या आणि यादी सुबक केली. शेवटच्या नावापुढे क्रमांक उरला नाही. तेव्हा त्या मुलीने खाते क्रमांक दिलाच नसेल असे समजून तिथे तशी नोंदही केली. यादी गेली, पैसे जमा झाले.

आठवड्याने ती शेवटच्या नावाची मुलगी पासबुक घेऊन कार्यालयाच्या दारात उभी राहिली. ग्रंथालयात काम करते. आईवडील तेव्हा कारखान्यावर होते.

"दादा, मी खाते नंबर दिला नाही असं तुम्ही लिहिलंय."

"हो. यादीत नव्हता."

"मग माझ्या खात्यावर हे पैसे कोणाचे आलेत? माझे तास एवढे झाले नाहीत."

मी यादी उघडली. ती माझ्या बाजूला उभी राहून वाचू लागली, आणि मी पाहिले की ती ओळी वाचत नव्हती. तिचे बोट रकान्यावरून सरळ खाली उतरत होते. "नावं 43 आहेत," ती म्हणाली, "आकडे 42 आहेत. वरून मोजत या, कुठंतरी एक गळालाय."

एकोणिसाव्या ओळीवर गळाला होता. त्या मुलाचे नाव इतके लांब होते की जुन्या फाईलमध्ये ती ओळ कडेला मावली नाही. मोडून तिचा खाते क्रमांक खालच्या ओळीत डाव्या कडेला जाऊन पडला. यंत्राला माणूस कळत नाही, त्याला पडद्यावरची ओळ कळते. माझ्या उभ्या चौकोनात त्या ठिकाणी वरच्या ओळीतही काही नव्हते आणि खालच्या ओळीतही नव्हते. मी ती मोकळी जागा काढली, आणि तिथून खालचा प्रत्येक क्रमांक एकेक पायरी वर चढला. एकोणिसाव्याचे मानधन विसाव्याच्या खात्यात, विसाव्याचे एकविसाव्याच्या, असे करत बेचाळिसाव्याचे या मुलीच्या खात्यात. तिचे स्वतःचे कुठेच गेले नाही. एकोणिसाव्या मुलाच्या खात्यात काहीच आले नाही, आणि तो बिचारा संकोचाने गप्प बसून होता. त्याच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत त्या शनिवारी संपत होती. फी मित्रांनी वर्गणी काढून भरली, हे मला नंतर कळले.

पुढच्या महिन्यात वजावट करून सगळे सरळ झाले. कार्यालयातल्या सरांनी मला फार बोलले नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्या मुलीला मी नंतर विचारले की तुला हे इतक्या लवकर कसे दिसले? ती म्हणाली, वडिलांची मुकादमाकडची वही ती पाचवीपासून पाहते. तारीख, टन, खर्चाला दिलेले, उचलीतून वजा. तिच्या वडिलांना प्रत्येक ओळ तोंडपाठ असते आणि ती खरीही असते. पण बाकी पान उलटताना पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहिली जाते, आणि तिथे ती कशी लिहिली गेली हे रकाना बेरजेने उतरल्याशिवाय कळत नाही. "ओळीत भांडण नसतं, दादा. पान उलटताना असतं." मी हे वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

या अनुभवानंतर मी जो शहाणपणा शिकलो तो पुढच्यास ठेच लागू नये म्हणून सांगतो. रकाना उचलला की तो आपल्या ओळींपासून तुटतो. आकडा राहतो, माणूस सुटतो. म्हणून उचलण्याआधी नावे मोजा, उचलल्यावर आकडे मोजा. मध्ये कोरी जागा दिसली तर ती काढण्याआधी ती कोणाची आहे ते विचारा.

देवनागरीत आणखी एक भानगड आहे. टंकलेखन यंत्रासारखी आजच्या संगणकावरची अक्षरे समान रुंदीची नसतात. 'र' चिंचोळा आणि 'क्ष' ऐसपैस. त्यामुळे मोकळ्या जागा देऊन सरळ केलेला रकाना खरे तर वाकडाच असतो आणि चौकोनाची कड एका ओळीत शब्दाच्या आधी, तर दुसऱ्या ओळीत शब्दाच्या पोटात पडते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत तर पहिली वेलांटी ही स्वतंत्र खूण म्हणून अक्षराच्या आधी टाईप केलेली असते. कड नेमकी तिथे पडली तर वेलांटी एका बाजूला आणि अक्षर दुसऱ्या बाजूला. अशाने 'किल्ले' गावाबाहेर पडून 'कल्ले' झालेले मी पाहिले आहे. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरामागोमाग साठवली जाते आणि दोन्ही मिळून एकच अक्षर म्हणून उचलले जातात, एवढा तरी दिलासा. रकाना करायचा असेल तर मोकळ्या जागा मोजत बसू नका, टॅबची कळ वापरा.

काही जण म्हणतील, आणि आमचे संगणकाचे सर म्हणालेच, की यादी मुळात वर्डमध्ये करूच नये. त्यासाठी एक्सेल आहे, निदान वर्डमधले कोष्टक आहे. सरांचे म्हणणे सोळा आणे खरे. कोष्टकात प्रत्येक माणूस आपल्या ओळीला बांधलेला असतो, लांब नावाने ओळ मोडत नाही, आणि रकान्याच्या डोक्यावर माऊस नेला की काळा बाण येऊन सबंध रकाना एका टिचकीत निवडला जातो. माझी चूक कोष्टकात झाली नसती. पण सरांनी एवढे पाहावे की याद्या आपल्यापर्यंत कोष्टकात येत नाहीत. त्या कोणाच्या तरी पत्रात येतात, व्हॉट्सअॅपवर येतात, दहा वर्षांपूर्वीच्या फायलीत मोकळ्या जागांवर उभ्या असतात. त्यांना आधी तिथून सोडवून मगच कोष्टकात बसवावे लागते, आणि सोडवायला उभी निवड लागते.

माझी सूचना साधी आहे. प्रथम वर्षाला संगणकाची जी ओळख करून देतात, त्यात रंगीत शीर्षके आणि वाढदिवसाची शुभेच्छापत्रे करायला चार तास जातात. त्यातला एक तास काढावा आणि टॅब, कोष्टक व उभी निवड या गोष्टी, त्याही खऱ्या याद्यांवर, शिकवाव्यात. मराठी विभागाने लोकगीतांच्या प्रकल्पात ओवीबरोबर गाव, गाणारीचे नाव आणि विषय यांचे रकाने सक्तीचे करावेत. आणि एकदा तरी प्रथम वर्षाच्या वर्गाला सहलीच्या निमित्ताने अंबाजोगाईला न्यावे.

ग्रंथालयातल्या त्या मुलीने आणि मी मिळून पुढच्या सत्रात शनिवारी दुपारी असा एक तास घ्यायचे ठरवले आहे. प्राचार्यांची परवानगी मिळाली आहे. फक्त संगणक कक्षातल्या खिडकीजवळच्या तीन संगणकांच्या कळफलकांवर आल्टची कळच जाग्यावर नाही, ती तेवढी त्याआधी बसवून मिळावी.